एका चित्राची तीन नावे

न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १८०१ सालचे एक मोठे तैलचित्र आहे. त्याची उंची सुमारे १६१ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे १२९ सेंटिमीटर. ते चित्र संग्रहालयात येऊन शंभरावर वर्षे झाली. एवढ्या काळात त्यातील मुलीने मान वळविली नाही की हातातील लेखणी खाली ठेविली नाही. परंतु तिच्याखाली लिहिलेले चित्रकाराचे नाव मात्र दोनदा बदलले. प्रथम ते जाक-लुई दाविद या जगद्विख्यात पुरुषाचे होते. नंतर ते कॉन्स्तांस शार्पांतिये या फारशा कोणास ठाऊक नसलेल्या स्त्रीचे झाले. आणि शेवटी मारी-दनीज व्हिलेर या त्याहूनही कमी ठाऊक असलेल्या दुसऱ्या स्त्रीचे झाले. विस्मृतीत गेलेल्या स्त्री चित्रकारांची चित्रे हुडकून त्यांचा संग्रह करण्याची आस्था अलीकडे पाश्चात्य देशांत फार वाढली आहे. ही आस्था स्तुत्य खरी. पण असा संग्रह करणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजून घ्यावयाचे तर या एका चित्राच्या चरित्राइतके बोधक उदाहरण आम्हास दुसरे आढळले नाही.

प्रथम चित्रच पाहू. विषय म्हटला तर अगदी साधा. शुभ्र पोशाखातील एक तरुण मुलगी खिडकीकडे पाठ करून बसली आहे. मांडीवर चित्रे काढण्याची मोठी फळी, हातात रेखाटनाची लेखणी, शरीर किंचित पुढे झुकलेले, आणि दृष्टी थेट आपल्यावर रोखलेली. ती आपणांस पाहात आहे की आपले चित्र काढीत आहे, हा संशय पाहणाऱ्याच्या मनातून शेवटपर्यंत जात नाही. आता प्रकाश पाहा. व्यक्तिचित्र काढावयाचे तर बसणाराच्या तोंडावर उजेड पडेल असे त्यास बसवावे, हा शिकाऊ चित्रकारासही ठाऊक असलेला नियम. येथे तो जाणूनबुजून मोडला आहे. सारा उजेड पाठीमागच्या खिडकीतून येतो. त्यामुळे कुरळ्या केसांच्या कडा आणि पोशाखाच्या चुण्या उजळून निघतात आणि चेहरा छायेत राहतो. पण ही छाया काळोखी नव्हे. मांडीवरील कागदावरून परतलेला मंद उजेड त्या चेहऱ्यावर खालून पसरला आहे, आणि त्या परतलेल्या उजेडातच डोळे, ओठ, गालांची गोलाई ही सर्व रंगविली आहेत. हे काम किती कठीण आहे, हे ज्यांनी कधी हातात कुंचला धरला असेल त्यांस सांगावयास नको. खिडकीची एक काच फुटलेली आहे. बाहेर दूर एका कठड्यापाशी एक स्त्री आणि एक पुरुष उभे आहेत, इतके लहान की पुष्कळांच्या लक्षात ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पाहतानाच येतात. आत एकटी, कामात गढलेली मुलगी, बाहेर जोडपे, मध्ये फुटकी काच. चित्रकाराने याहून अधिक काही सांगितलेले नाही, आणि सांगितले नाही हेच बरे केले.

चित्रातील मुलीचे नाव मारी-जोझेफीन-शार्लोत द्यु व्हाल दोन्य. तिचा जन्म १७८६ चा. म्हणजे चित्र काढले तेव्हा ती पंधराच्या आसपास होती. चित्र दाविदच्या हातचे अशी समजूत चालत आली होती, आणि ती अगदीच निराधार होती असे नाही. शुभ्र वस्त्र, रिकामी भिंत, कोरल्यासारखी रेषा, हे सर्व त्या काळच्या दाविदपंथाचे वळण होय. पुढे ते चित्र अमेरिकेत आयझॅक फ्लेचर या संग्राहकाकडे गेले आणि १९१७ साली त्याच्या मृत्युपत्रान्वये मेट्रोपॉलिटन संग्रहालयास मिळाले. संग्रहालयाच्या दृष्टीने ही देणगी मोठ्या भाग्याची ठरली, कारण दाविदचे चित्र मिळणे ही काही रोजची गोष्ट नव्हे. त्यानंतर चौतीस वर्षे ते दाविदचे म्हणून नांदले. आंद्रे मोर्वा यांच्यासारख्या चरित्रलेखकाने त्याची गणना निर्दोष आणि न विसरता येण्याजोग्या कृतींत केली. टीकाकारांना त्यात दाविदची धीरगंभीर संयमशीलता दिसली, दाविदची अचूक रेषा दिसली, पुरुषी बुद्धीचा निग्रह दिसला.

१९५१ सालच्या जानेवारीत शार्ल स्टर्लिंग या कलेतिहासकाराने संग्रहालयाच्याच पत्रिकेत एक लेख लिहून हे सर्व उलटून टाकले. त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. पॅरिसमध्ये त्या काळी 'सालों' या नावाने सार्वजनिक चित्रप्रदर्शन भरत असे. १८०१ च्या प्रदर्शनातील भिंती दाखविणारे एक खोदचित्र उपलब्ध आहे, आणि त्या भिंतीवर ही खिडकीतील मुलगी स्पष्ट ओळखू येते. पण दाविदने त्या वर्षीच्या सालोंमध्ये चित्रे मांडलीच नव्हती. तो त्या दिवसांत आपले 'साबीन स्त्रिया' हे प्रचंड चित्र लूव्रमध्येच स्वतंत्र दालनात तिकीट लावून दाखवीत होता. त्याचा सालोंशी संबंध नव्हता. मग हे चित्र कोणाचे? स्टर्लिंगने त्याच वर्षीच्या सालोंतील कॉन्स्तांस शार्पांतिये हिच्या 'विषण्णता' या चित्राकडे बोट दाखविले. ते चित्र आज आमियें येथील संग्रहालयात आहे. त्यात पांढऱ्या वस्त्रातील एक तरुणी झाडांच्या छायेत मान खाली घालून, हात सैल सोडून बसली आहे. दोन्ही चित्रांच्या वृत्तीत साम्य आहे, तेव्हा दोन्ही एकाच हातची असावीत, असा त्याचा तर्क होता.

येथवर त्याच्याशी आमचा वाद नाही. दाविदचे नाव काढून टाकण्यात त्याने इतिहासाची सेवाच केली. आमचा आक्षेप आहे तो पुढच्या गोष्टीस. चित्र स्त्रीचे असावे असे ठरताच त्याच लेखात चित्राचे गुणवर्णन पालटले. आता त्यातील काव्य हे चित्रकलेचे नसून वाङ्मयाचे ठरले. त्याचा मोहकपणा वरवरचा ठरला. त्यातील दोष चतुराईने झाकलेले आहेत असे दिसू लागले. आणि या सर्वांतून स्त्रीमनाची साक्ष पटते असा निर्वाळा मिळाला. जेम्स लेव्हर या इंग्रज अभ्यासकानेही पुढे म्हटले की त्या काळाचा नमुना म्हणून हे चित्र आकर्षक आहे खरे, पण दाविदच्या तोलाच्या चित्रकाराकडून झाल्या नसत्या अशा काही उणिवा त्यात आहेत.

आमचा प्रश्न सरळ आहे. उणिवा होत्या तर त्या १९१७ पासून १९५१ पर्यंत कोठे लपल्या होत्या? या चौतीस वर्षांत शेकडो जाणत्या माणसांनी ते चित्र पाहिले. त्यांच्यापैकी कोणासही त्या का दिसल्या नाहीत? कोणी म्हणेल, मोठ्या नावाने डोळे दिपले होते, नाव जाताच ते उघडले. हे मान्य केले, तर मग दाविदच्या इतर सर्व चित्रांकडेही नाव झाकून एकदा पाहिले पाहिजे, आणि त्यांतील उणिवांची यादी केली पाहिजे. तसे कोणी केल्याचे ऐकिवात नाही. वास्तविक, डोळे उघडले नाहीत. एका नावाची दीप्ती जाऊन दुसऱ्या नावाची सावली आली, एवढेच. जो गुण दाविदच्या नावाखाली संयम होता तो स्त्रीच्या नावाखाली भित्रेपणा झाला. जी सूक्ष्मता तेथे बुद्धीची होती ती येथे नाजूकपणाची झाली. विशेषणांचा हा धंदा आपल्या वाङ्मयटीकेसही अपरिचित नाही, हे येथे नमूद करून पुढे जाऊ.

आम्ही असेही म्हणत नाही की नावाने काहीच फरक पडत नाही. पडतो, आणि पडावा. चित्राचे मोल आणि चित्राचा अर्थ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. छायेतला चेहरा परतलेल्या उजेडात रंगविण्याचे कसब हे मोलाच्या बाजूला येते, आणि ते कोणाच्याही हातचे असले तरी तेवढेच राहते. पण एक तरुण स्त्री दुसऱ्या तरुणीला चित्र काढताना रंगवीत आहे, हे एकदा कळले म्हणजे त्या रोखलेल्या दृष्टीचा अर्थ मात्र बदलतो. पन्नाशीतला कीर्तिमान पुरुष समोर असता मुलगी ज्या नजरेने पाहील, ती ही नजर नव्हे. ही समव्यवसायी मैत्रिणीकडे पाहण्याची नजर आहे. नाव कळल्याने असा लाभ होतो. १९५१ च्या टीकाकारांनी तो लाभ सोडला आणि किंमत तेवढी कमी केली.

अर्थात किमतीची ही कथा नवी नाही, आणि ती फ्रान्सपुरतीही नाही. हॉलंडमधील युडिथ लेस्टर या सतराव्या शतकातील स्त्री चित्रकाराची चित्रे तिच्या पश्चात दोन शतके फ्रान्स हाल्स या तिच्या समकालीनाच्या नावावर जमा होती. १८९३ च्या सुमारास अशाच एका 'हाल्स'वर तिच्या नावाची आद्याक्षरे आणि त्यांना जोडलेला तारा ही तिची खूण आढळली. तिच्या आडनावाचा अर्थच ध्रुवतारा असा असल्यामुळे ती अशी सही करीत असे. मग काय झाले? हरवलेली चित्रकर्त्री सापडली म्हणून कोणी पेढे वाटले नाहीत. ज्यांनी हाल्स समजून चित्र घेतले होते त्यांनी विकणाऱ्यावर फिर्याद ठोकली, आणि अखेर किमतीत सूट घेऊन तडजोड झाली. एका कलावतीचा पुनर्जन्म न्यायालयात नुकसानभरपाईच्या दाव्याच्या रूपाने झाला! ते चित्र आज लूव्रमध्ये आहे.

आता आमच्या चित्राच्या दुसऱ्या नावाकडे वळू. १९७० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेत स्त्रियांच्या कलेचा इतिहास नव्याने लिहिण्याची मोठी चळवळ उभी राहिली. तिला या चित्राचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविकच होते. दाविदचे म्हणून गौरविलेले चित्र वस्तुतः एका स्त्रीचे निघाले, याहून प्रभावी पुरावा कोणता? कॉन्स्तांस शार्पांतियेचे नाव पुस्तकांतून झळकू लागले. तिच्यावर झालेल्या अन्यायाविषयी रास्त संताप व्यक्त झाला. पण ज्या पायावर हा संताप उभा होता तो पाया म्हणजे दोन चित्रांच्या वृत्तीतील साम्य, एवढाच होता. पांढऱ्या वस्त्रातील विचारमग्न तरुणी हा १८०१ सालचा सार्वजनिक विषय होता. तो दोघींनी हाताळला म्हणून दोघी एक होत नाहीत.

१९९६ साली मार्गारेट ओपनहायमर या संशोधिकेने पॅरिसच्या 'गाझेत दे बोझार' या जुन्या व प्रतिष्ठित पत्रात लेख लिहून मारी-दनीज व्हिलेर हिचे नाव पुढे केले, आणि मेट्रोपॉलिटनने ते स्वीकारले. म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस वर्षे एका स्त्रीवरील अन्यायाचे परिमार्जन म्हणून दुसऱ्याच स्त्रीचा सत्कार चालला होता, आणि जिचा हक्क होता ती अंधारातच होती. शार्पांतिये स्वतः गुणी चित्रकार होती, १८४९ पर्यंत जगली, आणि 'विषण्णता' हे एकच चित्र तिची कीर्ती राखण्यास पुरेसे आहे. तिला उसन्या चित्राची गरज नव्हती. उदारपणाने केलेली घाई ही शेवटी घाईच. ज्याला संग्रह करावयाचा आहे त्याने हा प्रसंग कपाटाच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे.

ही व्हिलेर कोण? १७७४ साली पॅरिस येथे जन्मलेली मारी-दनीज लमुआन. थोरली बहीण मारी-व्हिक्तोआर लमुआन ही चित्रकार. मधली बहीण मारी-एलिझाबेत हीही चित्रकार, लग्नानंतर गाब्यू. नात्यातील झान-एलिझाबेत गाब्यू ही सुप्रसिद्ध शिल्पकार शोदे याची पत्नी, आणि तीही चित्रकार. असे हे घराणे. मारी-दनीजचा विवाह १७९४ मध्ये व्हिलेर नावाच्या वास्तुशिल्पज्ञाशी झाला. घरात तिला नीझा म्हणत, आणि त्या नावानेही ती ओळखली जाई. जिरोदे हा तिचा गुरू, आणि जिरोदे स्वतः दाविदचा शिष्य. तेव्हा तिच्या रेषेत दाविदचे वळण दिसले तर नवल नाही, ते आजोबांचे नाक नातवाला यावे तसे होते. १७९९, १८०१, १८०२ या वर्षांच्या सालोंमध्ये तिने चित्रे मांडली. नंतर बारा वर्षांच्या खंडानंतर १८१४ मध्ये पुन्हा एकदा. आणि १८२१ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ती वारली. १८०२ चे तिचे एक चित्र लूव्रमध्ये आहे: पादत्राणाची फीत बांधण्यासाठी वाकलेली एक तरुणी, वाकता-वाकताच प्रेक्षकाकडे पाहणारी. सूचीत त्याचे नाव काय, तर 'स्त्रीचे निसर्गावरून केलेले एक अध्ययन'! इतके मोघम नाव दिलेले चित्र दोनशे वर्षांनी कोणी कसे ओळखावे? सालोंच्या सूचीत अशा 'एका स्त्रीचे व्यक्तिचित्र', 'एका मुलाचे व्यक्तिचित्र' अशा नोंदींचा सुळसुळाट आहे. ऐतिहासिक प्रसंगांवरील चित्रांना ठळक नावे असत, ती सरकार विकत घेई, त्यांची दप्तरी नोंद राही. व्यक्तिचित्र घरात जाई, घरात राही, आणि दोन पिढ्यांनी 'हे पणजीचे चित्र' एवढीच त्याची ओळख उरे. चित्रात कोण आहे हे घर लक्षात ठेवी. चित्र कोणी काढले हे विसरे, किंवा विसरल्यावर एखादे मोठे नाव त्या जागी आणून बसवी.

त्यात नावांचा हा घोटाळा. लमुआन, व्हिलेर, नीझा, 'श्रीमती व्हिलेर' या चार व्यक्ती नसून एकच आहे हे सूचीकारास कळावे तरी कसे? आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे, तर पाळण्यातले नावही बदलण्याची चाल आहे. तेव्हा जुन्या कागदांत एका बाईचा माग काढताना काय कष्ट पडतात, हे मराठी वाचकांस विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

येथे कोणास वाटेल की या स्त्रिया मुळातच थोड्या असतील. तसे नव्हते. जुन्या राजेशाहीत चित्रकलेच्या राजमान्य अकादमीने एका वेळी चारांहून अधिक स्त्रिया घ्यावयाच्या नाहीत असा दंडक घालून ठेविला होता. १७८३ साली व्हिजे-लब्रं आणि लाबीय-गियार या दोघी एकाच दिवशी आत गेल्या आणि जागा भरल्या. पण १७९१ मध्ये राज्यक्रांतीने सालोंचे दार सर्वांस उघडले, आणि त्या दारातून स्त्रिया मोठ्या संख्येने आत आल्या. नीझा व्हिलेर ही त्या लाटेतील एक. सरकारी कलाशाळेचे दार मात्र त्यांच्यासाठी १८९७ पर्यंत बंदच होते. नग्न आकृतीवरून अभ्यास करण्याची मुभा नाही, म्हणून ऐतिहासिक चित्रे नाहीत. ती नाहीत म्हणून सरकारी खरेदी नाही. खरेदी नाही म्हणून नोंद नाही. एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासकारांनी नोंदी चाळल्या, स्त्रिया आढळल्या नाहीत, आणि त्यांनी त्या नव्हत्याच असे लिहून टाकले.

ही पोकळी किती मोठी होती, याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. वॉशिंग्टन येथील विल्हेल्मिना आणि वॉलेस हॉलडे हे दांपत्य १९६० नंतरच्या दशकात युरोपात फिरत असता क्लारा पेटर्स या सतराव्या शतकातील स्त्रीची वस्तुचित्रे त्यांना व्हिएन्ना येथे व नंतर माद्रिद येथे दिसली. घरी परतल्यावर त्यांनी अमेरिकेतील महाविद्यालयांत लावलेला जॅन्सन यांचा कलेतिहासाचा जाडजूड ग्रंथ उघडला. त्यात पेटर्स नव्हतीच. दुसरी कोणी स्त्रीही नव्हती. त्या दिवसांपासून त्यांनी केवळ स्त्रियांची चित्रे गोळा करावयास आरंभ केला, आणि त्या संग्रहातून १९८७ साली स्त्री कलावंतांचे राष्ट्रीय संग्रहालय वॉशिंग्टनमध्ये उघडले. संग्राहकाने काय करावे याचा हा एक उत्तम धडा होय. त्यांनी चित्रे घेतली ती बाजारात भाव होता म्हणून नव्हे. ग्रंथात जागा नव्हती म्हणून घेतली. स्त्रियांचे संग्रहालय वेगळे काढल्याने त्यांची चित्रे मुख्य प्रवाहापासून पुन्हा तुटतात, हा आक्षेप आम्हास ठाऊक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. तथापि जे मुळात जमविलेच नाही ते प्रवाहात सोडणार कोठून? २०२१ साली पॅरिसच्या लुक्झांबूर संग्रहालयात १७८० ते १८३० या पन्नास वर्षांतील स्त्री चित्रकारांचे मोठे प्रदर्शन झाले. तसल्या प्रदर्शनास उसनी देण्यापुरती चित्रे तरी आधी कोणी सांभाळावी लागतात.

बाजार अलीकडे मागून धावत आला आहे. १७८८ साली म्हैसूरच्या टिपू सुलतानाचा वकील महंमद दरवेश खान फ्रान्सच्या दरबारी गेला असता व्हिजे-लब्रंने त्याचे पूर्णाकृती चित्र काढले होते. ते २०१९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या लिलावात एकाहत्तर लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस गेले. जुन्या काळच्या कोणत्याही स्त्री चित्रकारास तोवर एवढी किंमत मिळाली नव्हती. व्हिजे-लब्रं अर्थात अज्ञात नव्हे. पण मोठ्या नावाची किंमत चढली की लहान नावांचा शोध सुरू होतो, आणि तेथेच आम्हास भीती वाटते. पूर्वी अनामिक चित्राखाली दाविद लिहिण्यात लाभ होता. पुढे एखाद्या नव्याने गाजलेल्या स्त्रीचे नाव लिहिण्यात लाभ असेल. लोभ तोच, फक्त पाटी वेगळी. विक्रेत्याचा स्वभाव कोणत्याही चळवळीने पालटल्याचे आम्ही पाहिले नाही.

म्हणून आमच्या मते अशा चित्रांच्या संग्राहकाने चित्राइतकीच, किंबहुना चित्राहून अधिक, आस्था त्याच्या पाठीविषयी बाळगावी. जुने कापड जीर्ण झाले म्हणजे त्याच्या पाठीवर नवे कापड चिकटविण्याची रीत आहे. त्याने चित्र वाचते, पण मागे कोणी शाईने लिहिलेले नाव, प्रदर्शनाचा क्रमांक, दुकानदाराचा शिक्का हे सर्व झाकून जाते. चौकट बदलली की तिच्यावरील चिठ्ठी गेली. घर मोडले की पत्रे आणि वाटणीच्या याद्या गेल्या. नीझा व्हिलेरची आज ओळख पटलेली चित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकीची सर्वच नष्ट झाली असे आम्हास वाटत नाही; त्यांतील काही कोणाच्या तरी भिंतीवर दुसऱ्याच्या नावाने किंवा बिननावाने लटकत असतील. त्यांना हुडकण्याचा मार्ग लिलावगृहातून जातो त्यापेक्षा अधिक दप्तरखान्यातून जातो. आणि नाव सापडेपर्यंत चित्राखाली 'अज्ञात' असे लिहिण्याचे धैर्य संग्राहकाच्या अंगी असले पाहिजे. 'अज्ञात' या शब्दात कोणाचाही अपमान नाही. खोट्या नावात दोघांचा आहे.

या चित्राच्या बाबतीत अशा शोधाने अगदी अलीकडे आणखी एक गोष्ट हाती दिली आहे. ॲन हिगोने या अभ्यासिकेने खिडकीबाहेरील देखाव्याचा कसून तपास करून असे दाखविले की ही खोली पॅरिसच्या लूव्र राजवाड्यातील असावी, जेथे त्या काळी चित्रकारांची बिऱ्हाडे व कार्यशाळा होत्या आणि जेथे मुलीही चित्रकला शिकत. म्हणजे फुटक्या काचेची ती खोली कोण्या श्रीमंताचा दिवाणखाना नसून शिकण्याची जागा होती, आणि मांडीवरील फळी ही केवळ शोभेसाठी दिलेली वस्तू नव्हती. शार्लोत द्यु व्हाल दोन्य खरोखरीच चित्रकलेचे शिक्षण घेत होती. पुढे लग्न झाल्यावर तिने ते सोडले. ती १८६८ पर्यंत, म्हणजे चित्र काढल्यानंतर सदुसष्ट वर्षे, जगली. पण तिच्या नावावर जगाने ओळखावे असे एकही चित्र नाही. फळीवरील कागद चित्रकर्त्रीने असा धरविला आहे की त्यावर काय उमटत आहे ते आपणांस दिसत नाही.

राहता राहिली थोरली बहीण. मारी-व्हिक्तोआर लमुआन हिने १७८९ साली एका स्त्री चित्रकाराच्या कार्यशाळेचे चित्र काढले आणि १७९६ च्या सालोंमध्ये मांडले. एक स्त्री हातात रंगफलक घेऊन उभी आहे आणि तिच्यापाशी खाली बसून एक शिष्या रेखाटन करीत आहे. उभी असलेली ती व्हिजे-लब्रं, असे लोक पुष्कळ काळ म्हणत आले. येथेही जवळच्या नावाऐवजी मोठे नाव! ते चित्र १९५७ साली मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देणगीदाखल मिळाले. त्या वेळी धाकट्या बहिणीचे चित्र त्याच इमारतीत चाळीस वर्षे होते, आणि नुकतेच दाविदच्या नावावरून शार्पांतियेच्या नावावर गेले होते. त्यानंतर आणखी एकोणचाळीस वर्षे दोघी बहिणींची चित्रे एकाच छपराखाली होती, आणि त्या बहिणी आहेत हे कोणासही ठाऊक नव्हते.